एकशे नऊ नर

खाणीतून निवृत्त झाल्यावर ओल्द्रिखने
पहिली वस्तू घरी आणली ती नारळ.
ओस्त्रावात, जानेवारीत, चौथ्या मजल्यावर
नारळ!
पाणी मला दिलं, खोबरं खिडकीतल्या चिमण्यांना,
आणि करवंटीला कानस लावत बसला रात्री उशिरापर्यंत.
दार एवढंच हवं, म्हणाला,
की ती आत जाईल आणि तो अडेल.

ती म्हणजे बोटाएवढी मादी.
वंश नायजेरियातल्या कुठल्याशा ओढ्याचा,
जन्म मात्र इथलाच, कुणाच्या तरी तळघरातला.
ओढा तिने पाहिलेला नाही. मीही नाही.
पोट बीट उकडलेल्या पाण्याच्या रंगाचं,
आणि ते पोट ती त्याला दाखवायची
अंग धनुष्यासारखं वाकवून, थरथरत,
लाजेचा लवलेश नाही.
"बघ, ह्यांच्यात मागणी ती घालते," ओल्द्रिख म्हणाला.
मी कांदा चिरत होते. म्हटलं, बघितलं.

पाणी मऊ हवं म्हणून
ओकची वाळकी पानं घातली, आल्डरची बोंडं,
मग पीट, मोज्यात भरून.
माझ्या मोज्यात.
पाणी कोऱ्या चहासारखं झालं.
पहिली अंडी त्यांनीच खाल्ली.
दुसरी बुरशीने गेली, करवंटीच्या छताला लटकल्या लटकल्या.
दोन दिवस ओल्द्रिख बोलला नाही,
पाळण्याचा दोर मध्येच अडकला होता
त्या आठवड्यात बोलला नव्हता, तसा.

एकतीस वर्षं त्याने माणसं खाली सोडली,
आठशे मीटर, घंटेच्या ठोक्यांवर,
आणि सगळी मोजून वर घेतली.
रात्रपाळीला तो दुसऱ्यांच्या पोरांचे बाप सांभाळायचा,
इथे हेडविका गोवराने फणफणलेली,
मी, ओला टॉवेल, आणि भिंतीवरचं घड्याळ.
हे मी कधी काढलं नाही.
तेव्हाही काढलं नाही, तिसऱ्या खेपेला,
जेव्हा करवंटीच्या दारातून
एक धूसर ढग बाहेर आला आणि
त्या ढगाला डोळे होते.

आई पुढे, बाप मागे.
तिने पर एकदा झटकला की सगळा ढग वाळूला चिकटतो.
एखादं भरकटलंच तर तोंडात धरून आणते
आणि थुंकते घोळक्यात, जरा रागानेच.
मग ती खायला जाते, तो येतो.
डोळ्यांत तेल घालून.
"बघ," ओल्द्रिख म्हणाला, "पाळी बदलतात."
काचेत त्याचा चेहरा होता, माझाही.
मी म्हटलं, "हो. बदलतात."
बराच वेळ तो तसाच बसला,
मग उठून भांडी घासायला गेला.
कुणी सांगितलं नव्हतं.
नीट घासलीही नाहीत.

फेब्रुवारीत वीज गेली, नऊ तास.
माझी लग्नातली पिसांची रजई काचेला गुंडाळली.
गॅसवर पाणी तापवून बाटल्या भरल्या.
हवेचा पंप बंद, म्हणून तो नळी तोंडात धरून
पाण्यात फुंकत राहिला,
त्या कोळसा बसलेल्या छातीने,
बुडबुडे कमी, खोकला जास्त.
मी नळी ओढून घेतली.
दहा मिनिटं मी, दहा मिनिटं तो,
मेणबत्ती संपेपर्यंत, आणि नंतर अंधारात,
नळीचं टोक एकमेकांच्या हातात चाचपून देत.

वसंतात पिलांवर रंग चढला.
एकशे बारा. त्यातले एकशे नऊ नर.
दुकानदार ब्रोनिस्लाव पोट धरून हसला,
"सैन्य उभारतोयस का, म्हाताऱ्या?"
पीट जास्त पडलं होतं,
आंबट पाण्यात मुलगेच निपजतात, म्हणे.
फोनवर हेडविकाने विचारलं,
हसतच, पण विचारलं:
"बाबा, तुला मुलगा हवा होता का रे?"
ओल्द्रिखने रिसीव्हर या कानावरून त्या कानावर नेला.
"नाही गं," म्हणाला. "पाणी बिघडलं होतं."

नर वाटून टाकले, मिळेल त्याला, फुकट.
त्या तिघी दिल्या नाहीत.
मोजा मात्र त्याने धुऊन परत केला.
तपकिरी डाग गेलेला नाही,
मी तो घालते.